मांडीखाली हात

"मग तुमचा होकार यायचा तरी कधी, मास्तर?"

हुपरीकर मास्तरांनी मान वर केली नाही. खिडकीशेजारच्या जुन्या खडखड्या प्रिंटरमध्ये ते कागदांचा गठ्ठा बसवत होते. कडेची भोकं दातऱ्यांत अडकवायची, एक पान फिरवून बघायचं, तिरकं गेलं की पुन्हा अडकवायची.

"तीन मेल पाठवले तुम्हाला. तिन्हींना एकच उत्तर. अजून नाही... अजून नाही... अजून नाही. का नाही, ते तरी सांगा."

"चहा घेतलास का?" मास्तरांनी विचारलं.

प्रफुल्लला रागच आला. पुण्याहून निघून, दोन एसट्या बदलून, गडहिंग्लजला मुक्काम करून माणूस सकाळी सकाळी या आडगावच्या धर्मादाय दवाखान्यात येऊन उभा राहतो, तो काय चहासाठी? पण घेतला नव्हता हेही खरं होतं. त्यानं मान हलवली. मास्तरांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढं सरकवला आणि पुन्हा कागदाच्या मागं लागले.

आता हा प्रफुल्ल सोनटक्के कोण, ते सांगायला हवं. नाव प्रफुल्ल, पण चेहरा बघाल तर महिनाभर अंथरुणावर पडून उठल्यासारखा. वय अडतीस. मास्तर एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हाचा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं, ही त्याची आणखी एक हुशारी.

वीस वर्षांपूर्वी मास्तरांनी 'नोंद' नावाचं एक सॉफ्टवेअर लिहिलं. छोट्या दवाखान्यांच्या केसपेपरच्या खिडकीसाठी. पेशंट आला, नाव-गाव-वय घातलं, केसपेपर छापून हातात दिला. एवढंच काम. त्याची आतली लिखावट मास्तरांनी उघडी ठेवली. कुणीही फुकट घ्यावं, वाचावं, सुधारावं. ओपन सोर्स म्हणतात तसं. बघता बघता तीनेकशे दवाखान्यांत ते जाऊन बसलं, आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं त्यात भर घालायला लागली.

सहा वर्षांपूर्वी मास्तर रिटायर झाले आणि सगळा कारभार प्रफुल्लच्या हाती देऊन या दवाखान्यात फुकटची चाकरी करायला येऊन राहिले. जाताना एकच अट घातली. नवी आवृत्ती त्यांनी हो म्हटल्याशिवाय बाहेर जायची नाही. पाच वर्षं ते दर खेपेला हो म्हणत आले. या खेपेला अडले.

आणि नेमकी ही खेप प्रफुल्लच्या जिवावर बेतलेली.

दिवसभर तो कंपनीत राबायचा. उरलेला सगळा वेळ 'नोंद'ला. पगार नाही की कुणी शाबासकी देत नाही. बरोबरीला अकरा जण होते, सगळे त्याच्याहून लहान, सगळे आपखुशीनं आलेले आणि सगळे एकमेकांशी भांडणारे. एकाला पडदा निळाच हवा. दुसऱ्याला सगळं नव्या भाषेत मुळापासून लिहायचं होतं. तिसरा म्हणे, रोजचे आलेख नसतील तर माझं नाव काढून टाका. यांच्या मनधरण्या करता करता माणूस अर्धा झाला. शेवटी दोन वर्षं खपून, प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकून, ही नवी आवृत्ती उभी राहिली होती. येत्या सोमवारी ती बाहेर पडायची होती. नाही पडली तर आम्ही अकरा जण बाहेर पडतो, असं त्यांनी सरळ लिहून कळवलं होतं.

ते गेले तर 'नोंद' एकट्या प्रफुल्लच्या गळ्यात. एकट्याच्यानं ते होणं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तोही सोडणार. सोडलं की आपल्याला हायसं वाटेल, असं अलीकडं त्याच्या मनात यायचं, आणि असं मनात येतं याची त्याला भयंकर लाज वाटायची.

"चार महिने झाले, नमुना सगळ्यांना वापरून बघायला दिलाय," तो म्हणाला. "एक तक्रार नाही आलेली, मास्तर. एकसुद्धा नाही."

"तक्रार कुठं करायची असते?"

"साइटवर. खातं उघडायचं, आवृत्तीचा नंबर टाकायचा, चूक कशी घडली ते एकेक पायरीनं लिहायचं. सोपं आहे."

"हं..."

"मागण्या मात्र चौदाशे आल्या. त्यातल्या सहाशे आम्ही पुऱ्या केल्या."

"खिडकीवर बसणाऱ्यांच्या किती?"

प्रफुल्लनं मनातल्या मनात यादी चाळली. मागण्या घालणारी चाळीसेक नावं त्याला तोंडपाठ होती. सगळी प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी. त्यातल्या एकानंही जन्मात कधी केसपेपर फाडला नव्हता.

एवढ्यात अक्काताई आली. अक्काताई नाईक ही इथली केसपेपरवाली. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मास्तरांना नमस्कार करून तिनं पदरानं कीबोर्ड पुसला आणि खिडकीची फळी वर केली. बाहेर वाड्यावस्त्यांवरून आलेली माणसं रांग लावून उभीच होती.

तिचं काम सुरू झालं. प्रफुल्ल मोबाइलवर आपल्या अकरांना उत्तरं देत बसला. मध्येच डोकं वर केलं तेव्हा त्याला एवढंच दिसलं, की ही बाई पडद्याकडं ढुंकूनही बघत नाही. बोटं आपली चालताहेत, आणि ही खिडकीबाहेर बघून बोलतेय. एकीला म्हणाली, पाय परत सुजला की गं तुझा. एका गड्याला रांगेतून बाहेर काढून म्हणाली, तुम्ही पुढं व्हा, पेपर मागनं देते. प्रफुल्लला वाटलं, शिस्त कशी ती नाही. आणि जुना पडदा असला ओबडधोबड, बाई तरी त्याच्याकडं कशाला बघेल?

"नवीन घालून दाखवू का यात?" त्यानं विचारलं. "एकदा बघाल तर तुम्हीच हो म्हणाल."

मास्तरांनी हातातले कागद खाली ठेवले.

"घाल," ते म्हणाले. "पण बसायचं कसं, ते आठवतंय ना?"

आठवत होतं. तंत्रनिकेतनात मास्तरांचा हा नेम होता. ज्यानं लिहिलं त्यानं वापरणाऱ्याच्या मागं स्टूल घेऊन बसायचं. दोन्ही हात मांडीखाली. तोंडातून ब्र काढायचा नाही. समोरचा कितीही अडू दे, चुकू दे, शिव्या देऊ दे, हात बाहेर आला की मास्तर वर्गाबाहेर काढायचे. गेल्या सहा वर्षांत मात्र प्रफुल्ल असा कुणाच्या मागं बसला नव्हता. वेळच कुठं होता? मीटिंगाच इतक्या असायच्या.

दहा मिनिटांत त्यानं नवी आवृत्ती चढवली. अक्काताईला कुठं काय आहे ते भराभर सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मग तो तिच्या मागं स्टुलावर बसला आणि थोडंसं हसत त्यानं हात मांडीखाली घातले. मास्तर सकाळपासून साठलेले केसपेपर उचलून डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडं गेले.

पहिला आला एक धनगर म्हातारा. नाव घातलं, गाव घातलं. पुढं चौकोन आला जन्मतारखेचा.

"जन्मतारीख काय, मामा?"

"ती कुणाला म्हाईत, बाई."

अक्काताईनं चौकोन मोकळा सोडून पुढं जायचा प्रयत्न केला. चौकोन लाल झाला. पुन्हा केला, पुन्हा लाल. जुन्यात नुसतं वय पुरायचं, तेही अंदाजानं. जन्मतारखेचा आग्रह त्या आलेखवाल्याचा होता आणि मीटिंगमध्ये प्रफुल्लनंच तो उचलून धरला होता. अक्काताईनं मागं वळून पाहिलं. प्रफुल्लनं ओठ दाबले. शेवटी तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून एक साल ठरवलं आणि एक जानेवारी टाकून दिली.

मग मोबाइल नंबर. म्हाताऱ्याकडं मोबाइल नव्हता. चौकोन दहा आकडे घेतल्याशिवाय सोडेना. तिनं आपला स्वतःचा नंबर घातला.

दुसरीला तेच, तिसऱ्याला तेच. जुन्यात सगळं कीबोर्डच्या कळांवर चालायचं, इथं दर खेपेला माऊस धरावा लागत होता, आणि तो तिच्या हातातून ओल्या साबणासारखा सटकत होता. चष्मा नाकावर चढला. मान पुढं गेली. बोलणं बंद पडलं. प्रत्येक चौकोन ती ओठ हलवत वाचायची, मग बाण तिथवर न्यायची, मग दाबायची, मग खरंच दाबलं गेलं का ते बघायची.

प्रफुल्लच्या मांडीखालच्या हातांना मुंग्या आल्या. डावीकडं बघा, डावीकडं, असं त्याच्या अगदी ओठांवर येत होतं. अकरा जणांच्या मीटिंगमध्ये हेच चौकोन किती देखणे दिसले होते. तिथं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अर्धा तास झाला. जुन्यावर एवढ्या वेळात तीस-पस्तीस जणं आत गेली असती. सात गेली होती. रांग पायऱ्या उतरून चिंचेपर्यंत पोचली.

आठव्या पेशंटला छापायच्या बटणावर बाण नेला आणि पडद्यावर एक रंगीत पाटी उगवली. 'तुमचा आजचा आलेख तयार आहे.' बटण तिच्या खाली गडप झालं. अक्काताईनं इकडं दाबलं, तिकडं दाबलं. पाटी हलेना. तिच्या मानेवर घाम दिसायला लागला. रांगेतून कुणी म्हणालं, आज काय झालंय या बाईला.

प्रफुल्लच्यानं राहवेना. त्यानं मांडीखालचे हात ओढून काढले, पुढं वाकला आणि तिच्या हातातला माऊस घेतला.

"हे बघा, इथं कोपऱ्यात बारीक फुली आहे. दिसली? जरा फिकट आहे... हां, ही."

दोघांची डोकी पडद्यात. फुली अखेर दाबली गेली. पाटी गेली. प्रिंटर खडखडला, आणि त्याच वेळी बाहेर एक बाई किंचाळली.

रांगेत चौथ्या नंबरावर एक म्हातारी होती. खिडकीपासून फार तर सहा हात. ती भिंतीला धरून उभी होती म्हणे बराच वेळ. घामानं भिजलेली, हात थरथरत होता, मागच्यांना वाटलं म्हातारपण आहे. ती भिंतीवरून घसरत खाली आली आणि डोकं पायरीच्या काठावर आपटून पडली.

अक्काताई खुर्ची ढकलून धावली. मास्तर आतून आले, डॉक्टरीणबाई आल्या, तिघांनी मिळून म्हातारीला उचलून आत नेलं. प्रफुल्लच्या हातात माऊस तसाच होता. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. पन्नास-साठ चेहरे त्याच्याकडं बघत होते. एकही रागावलेला नव्हता. नुसते दमलेले होते, त्याच्यासारखेच, आणि वाट बघत होते.



थोड्या वेळानं मास्तर परत आले. म्हातारी शुद्धीवर आली होती. साखर उतरली होती. उपाशीपोटी गोळी घेऊन दोन कोस चालत आली होती. कपाळावर पायरी लागून टेंगूळ आलं होतं, टाका पडला नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी ते जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही की बोट दाखवलं नाही.

प्रफुल्ल ओरडा खायच्या तयारीनं उभा होता. ओरडा मिळाला असता तर बरं झालं असतं. मग तो आपणहून खाली बसला, नवी आवृत्ती काढून टाकली आणि जुनी परत चढवली. दोन वर्षांचं काम काढायला चार मिनिटं लागली.

अक्काताई येऊन खुर्चीवर बसली. डोळे पुसले, चष्मा काढून गळ्यात सोडला.

मास्तर पुढं झाले. त्यांनी पडद्याचं बटण दाबलं आणि पडदा बंद करून टाकला. नुसता पडदा, बाकी मशीन चालूच.

"मास्तर?" प्रफुल्ल म्हणाला.

मास्तरांनी तोंडावर बोट ठेवलं. मग स्टुलाकडं बोट दाखवलं.

प्रफुल्ल बसला. कुणी सांगायच्या आधीच त्यानं हात मांडीखाली घातले.

अक्काताईनं काळ्या पडद्याकडं एकदा बघितलं, तिला त्याचं काही वाटलं नसावं. ती खिडकीकडं वळली. "नाव सांगा, मावशी," म्हणाली, आणि बोटं चालू झाली. नाव, गाव, वय. कळ, कळ, कळ. प्रिंटर खडखडला. कागद बाहेर आला. प्रफुल्लनं मान लांब करून वाचला. बिनचूक होता. दुसरा आला. तोही बिनचूक. तिसऱ्याच्या पेपराला तिनं हातच लावला नाही. रांगेच्या पार मागं उभ्या असलेल्या एका बाईकडं बघून ती म्हणाली, त्या हिरव्या लुगड्यावाल्या वैनींना आधी पुढं सोडा, त्यांना धाप लागलीय.

रांगेनं वाट दिली.

आता प्रफुल्ल पडद्याकडं बघत नव्हता. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. ती जिकडं बघत होती तिकडं तो बघत होता. कुणाचे ओठ निळसर, कुणाचा हात पोटावर, कुणी उभ्या उभ्या डुलक्या घेतंय. सकाळी हे सगळं इथंच होतं. तो मोबाइलवर होता.

एक वाजता खिडकी बंद झाली. रांग संपली होती.

मास्तर आणि प्रफुल्ल ओसरीवरच्या बाकावर येऊन बसले. मास्तरांनी डबा उघडला. नाचणीची भाकरी आणि कसलीशी पालेभाजी. अर्धी भाकरी त्यांनी प्रफुल्लच्या हातावर ठेवली. त्यानं ती तशीच धरून ठेवली. खिशातला मोबाइल थरथरत होता. अकरा जण विचारत होते, होकार मिळाला का? मास्तर काय म्हणाले? सोमवार पक्का ना?

अक्काताई घरी जायला निघाली. पिशवी खांद्याला लावून ती बाकापाशी थांबली. थोडी घुटमळली. मग तिनं हात जोडले.

"साहेब, माफ करा मला."

प्रफुल्ल गडबडून उठून उभा राहिला.

"तुम्ही एवढ्या लांबनं आलासा, एवढं चांगलं करून आणलं. माझ्या हाताला बसलं नाही ते. मला अक्कल कमी, वयबी झालं. ती म्हातारी दर महिन्याला येते, मी तिला लांबनंच वळखते. आज बघितलंच नाही बघा... माझीच चूक. तुम्ही परत या, साहेब. मी शिकीन."

प्रफुल्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो चूक तुमची नाही, माझी आहे, एवढं साधं वाक्य, पण ते तोंडातून निघेना. निघेपर्यंत ती पायऱ्या उतरून चिंचेच्या पलीकडं गेली होती.

तो खाली बसला.  मास्तर भाकरी सावकाश चावत होते. त्यांचे दात थोडेच राहिले होते.

"चार महिन्यांत एक तक्रार नाही," प्रफुल्ल पुटपुटला. ते तो मास्तरांना सांगत होता की स्वतःला, त्यालाही कळलं नाही.

"हं..."

"सोमवारी निघत नाही आता. तुमच्या होकाराचा प्रश्नच नाही, मीच काढत नाही." त्यानं मोबाइल बाहेर काढला, पडद्यावरची अकरा नावं बघितली आणि तो पालथा करून मांडीवर ठेवला. "पण ती पोरं जातील, मास्तर. दोन वर्षं झोप मोडून लिहिलंय त्यांनी. वाईट नाहीत हो ती. अकराच्या अकरा जातील. आणि मी एकटा... मी फार दमलोय."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवला तसा राहू दिला.

"नियम सांगितला तर वाद घालतील. आकडे दिले तर ते उलटे आकडे काढतील. मी ओळखतो त्यांना, मीही तेच केलं असतं." त्यानं डोळे पुसले. "त्यांना मी सांगू तरी काय?"

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. चिंचेच्या पलीकडच्या रिकाम्या वाटेकडं ते बघत राहिले...

"सांग, अक्काताईनं माफी मागितली."